खलाशीनानांचा कंदील आणि माझं पत्रक

खलाशीनाना तळहाताने ऐकायचे. कान त्यांचे कधीच गेले होते. विहिरीवर पंप चालू झाला की ते पाइपावर हात ठेवून, डोळे मिटून बसत. नव्या माणसाला वाटे, म्हातारा डुलक्या काढतोय. मग डोळे न उघडताच म्हणत, "हवा धरली." आणि पुढच्या क्षणी पाण्याची धार तुटून फसफसायला लागे. खाली किती पाणी उरलंय हेही ते विहिरीत न डोकावता सांगत. गुडघाभर, पोटरीभर, घोट्याएवढं. ते "आता उतरा" म्हणाले की टोळीतली माणसं उतरत. ते म्हणेपर्यंत कोणी उतरत नसे.

त्यांना नावाने कोणी हाक मारत नव्हतं. तिसगावजवळच्या त्यांच्या गावात बौद्धवाड्यातली म्हातारी माणसंसुद्धा त्यांना खलाशीच म्हणत. समुद्र त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. विशीत ते चांद्याकडे कोळशाच्या खाणीत गेले आणि तिथे पंपखलाशी झाले. खाणीत पाणी सारखं झिरपत असतं. ते तळाशी साचतं आणि पंपाने वर फेकत राहावं लागतं. पंप थांबला तर पाणी चढतं आणि पलीकडे कोळसा काढणाऱ्यांची परतीची वाट बंद होते. नाना बावीस वर्षं जमिनीखाली, एकटे, अशा पंपाशेजारी बसले. "मी झोपलो आसतो तर पलीकडची समदी पोहायला लागली आसती," ते सांगत, "आन त्यातल्या एकालाबी पोहता येत न्हवतं."

त्या आवाजाने कान गेले. कान गेले म्हणून खाणीने घरी पाठवलं. तो कागद मी पाहिला आहे. त्यावर कारण लिहिलं होतं, 'वयोमानानुसार'. तेव्हा नानांचं वय बेचाळीस होतं. दिसत साठीचे, ही गोष्ट खरी. पण दिसण्यावरून वयोमान ठरवायचं तर आमच्या भागातल्या निम्म्या मजुरांना तिशीतच घरी बसवावं लागेल.

मी त्यांना भेटले ती नव्वदनंतरची वर्षं. नगरला कॉलेज संपवून मी विहीर खोदणाऱ्या मजुरांच्या संघटनेत काम करायला लागले होते. त्या काळात पाथर्डी-शेवगावकडे दर उन्हाळ्यात विहिरी आणखी खोल केल्या जात. आठ-दहा जणांची टोळी, एक मुकादम, काठावर क्रेन. पुरुष खाली सुरुंग लावत, दगड फोडत. क्रेनची बादली वर आली की बायका ती रिकामी करत. झऱ्यांचं पाणी रात्रीतून साचे, म्हणून रोज सकाळी आधी दोन-तीन तास पंप चालवावा लागे. विहीर कोरडी झाल्याशिवाय खोदाई नाही. म्हणजे सगळं काम पंपवाल्याच्या हातात. आणि पंपवाल्याची हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, सगळ्यांत कमी, कारण तो 'नुसता बसतो'. ह्यावर मी माझं पहिलं भाषण केलं. भाषण संपल्यावर नाना माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, लई चांगलं बोलली आसशील. तोंड चांगलं हलत हुतं."

मी सारखी पत्रकं वाटायची म्हणून ते मला पत्रकबाई म्हणत. पुढे सगळी टोळी म्हणायला लागली.

नानांच्या पिशवीत कायम इंजिनाचं हँडल असे. ते फिरवल्याशिवाय डिझेल इंजिन सुरू होत नाही. तिसगावच्या बाजाराला गेले तरी वांगी, मिरच्या आणि मेथीच्या जुडीखाली ते लोखंडी हँडल. कारण एकच. पंप पाणी ओढून ओढून तीन-साडेतीन परस, म्हणजे वीस-बावीस फूट वर घेतो. विहीर त्याहून खोल झाली की पंप खाली, विहिरीच्या भिंतीत कोरलेल्या टप्प्यावर बसवावा लागतो. विजेची मोटार असेल तर प्रश्न नाही. पण वीज दिवसा कधी येईल ते कोणालाच माहीत नसे. मग टोळ्या काय करत? अख्खं डिझेल इंजिनच क्रेनने विहिरीत सोडत. खाली सगळा धूर.

नाना हे करू देत नसत. त्यांची रीत वेगळी होती. पंप खाली, इंजिन काठावर आणि मध्ये लांब पट्टा. पट्टा बसवायला अर्धा दिवस जाई. तो निसटे, फाटे, पुन्हा चढवावा लागे. विहिरीचे मालक वैतागत. एकदा एक मालक स्वतःच इंजिनाला दोर बांधायला लागला. नानांनी हँडल काढलं, पिशवीत टाकलं आणि सरळ फाट्यावर चहाला निघून गेले. मालक मागून ओरडत होता. ओरडून उपयोग नव्हता.

मुकादम होता मारुती. तो मला म्हणाला, "ताई, ह्या मानसाला कामावरून काढावं आसं रोज वाटतं. पन हा आसला की घरची झोप चांगली लागती."

दुसरी गोष्ट कंदील. पाणी उपसून झालं की नाना पेटता कंदील दोराला बांधून विहिरीच्या तळापर्यंत सोडत आणि तंबाखू मळून होईपर्यंत खाली ठेवत. मगच माणसं. जुन्या, बंद पडलेल्या विहिरीत तळाशी कधी कधी हवा मरते. त्यात माणूस उतरला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. अशा हवेत कंदील विझतो. माझ्यासमोर एकदा विझला. वाऱ्याने विझतो तसा नाही. ज्योत हळूहळू बारीक झाली आणि गेली. त्या दिवशी नानांनी काम बंद ठेवलं. कडुनिंबाच्या फांद्या दोराला बांधून दिवसभर विहिरीत वर-खाली हलवत बसले, हवा ढवळायला. टोळी त्यांना हसली. "नाना, इहिरीला वारा घालताय व्हय? उशी पन सोडा खाली." नानांनी मान हलवली.

मी त्यांना विचारलं होतं, आणि वहीत लिहूनही घेतलं होतं. वही अजून माझ्याकडे आहे. त्यात त्यांचे शब्द असे आहेत: "कंदील इझला तर उतरायचं न्हाई. जळत राह्यला तर... तर मंग बघायचं, आजून काय काय हाय ते. इंजिनाचा धूर कंदिलाला कळत न्हाई. तो धूर मानूस मारतो आन कंदील तसाच जळत राहतो. त्या धुराला पाखरू लागतं. खानीत ठेवायचे पिंजऱ्यात. पाखरू पडलं की पळायचं."

"मग आपण पाखरू ठेवायचं का?" मी ओरडून विचारलं.

"कशाला? इंजिन वर ठिवायचं. धूरच न्हाई तर पाखरू बिचारं कशाला मरतंय."

नानांच्या मानेबद्दल सांगायला हवं. ऐकू येत नाही हे लोकांना कळू नये म्हणून त्यांनी एक सवय लावून घेतली होती. समोरचा बोलायचा थांबला की ते गंभीरपणे मान हलवत. एकदा शेजारणीने विचारलं, लेकराला दूध पाहिजे, तुमची शेळी चार दिवस आमच्याकडे बांधू का? नानांनी मान हलवली. संध्याकाळी ते सगळ्या गावात शेळी शोधत फिरले आणि शेजारीण त्यांच्याच बरोबर शोधत फिरली, कारण तिला वाटलं, दुसरी हरवली. नानी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला म्हणाल्या, "ह्यांची मान म्हंजी जवारीचं कनीस. वारा आला की हलती. त्याला होकार समजू नगंस." मी खूप हसले होते. म्हणजे मला माहीत होतं. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते.

मग आम्ही सुरक्षेचं पत्रक काढायचं ठरवलं. मी लिहिणार. एका बाजूचा कागद, कारण दोन्ही बाजू छापणं परवडत नव्हतं. मी पाऊण कागद मागण्यांनी भरला. विमा, नुकसानभरपाई, हजेरीपत्रक, डोक्यावर टोपी. मालकांना चार शब्द सुनावले, सरकारला आठ. ते सगळं खरं होतं, आजही खरं आहे. खाली एक चौकट उरली. त्यात नानांचं ज्ञान घालायचं होतं.

इंजिनाबद्दल लिहायला घेतलं तेव्हा मारुती मुकादमाने मला बाजूला घेतलं. "ताई, ते नका लिहू. आमच्याकडं नाना हायेत, पट्टा हाय. बाकीच्या टोळ्यांकडं कुठं हाय? इंजिन खाली न्हाई म्हनलं की मालक दुसरी टोळी बघतो. तुमचा कागद दावून आमालाच घरी बसवतील." मला ते पटलं. मजुरांचं काम जाईल असं पत्रक मजुरांची संघटना कशी काढेल? मी इंजिन वगळलं. पुढच्या पत्रकात घेऊ, असं ठरवलं.

राहिला कंदील. मी लिहिलं: 'उतरण्याआधी कंदील सोडा. विझला तर उतरू नका. जळाला तर उतरा.'

शेवटचं वाक्य नानांचं नव्हतं. ते कोणाचंच नव्हतं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. घोषणेला दोन बाजू लागतात, एक म्हणायला आणि एक उत्तराला. 'विझला तर उतरू नका' एवढ्यावर थांबलं तर कानाला लंगडं वाटत होतं. 'जळाला तर उतरा' लिहिल्यावर ते पायावर उभं राहिलं. मला ते आवडलं. ठळक अक्षरात घेतलं.

छापण्याआधी नानांना वाचून दाखवायचं ठरलं होतं, म्हणून मी विहिरीवर गेले. इंजिन चालू होतं. मी त्यांच्या शेजारी बसून सगळं पत्रक मोठ्याने वाचलं. त्यांचा हात पाइपावर होता. ते माझ्या ओठांकडे बघत होते. मी थांबले. त्यांनी मान हलवली. मी सायकल काढली आणि छापखान्यात गेले. इंजिन बंद व्हायला अर्धा तास होता. मी थांबले नाही.

पत्रक गाजलं. टोळ्यांनी ते क्रेनच्या खांबाला चिकटवलं. कंदील विकत घेतले. शेवगावकडून एक माणूस मुद्दाम तिसगावच्या बाजारात आला आणि नानांच्या पाया पडला. नानांनी मान हलवली.

तो उन्हाळा संपत आला होता. शेवगावच्या बाजूला एका गावात दुसऱ्या एका टोळीचं काम चालू होतं. वीज नव्हती. त्यांनी इंजिन टप्प्यावर उतरवलं आणि सकाळभर चालवलं. पाणी निघालं. इंजिन बंद केलं. कंदील सोडला. तो चांगला जळत होता. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली, घाई केली नाही. मग टोळीतला शिवाजी उतरला. तळाशी बसलेला दिसला, म्हणून दत्तू त्याला बघायला उतरला. तिसरा उतरणार होता, त्याला वरच्या बायकांनी धरून ठेवलं. त्यात शिवाजीची बायको कौसल्या होती. आपला नवरा खाली आणि ती दुसऱ्याच्या नवऱ्याला उतरू देत नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा गळ टाकून दोघांची प्रेतं वर काढली होती. कंदील अजून खालीच होता. कोणाला तो ओढून घ्यायचं सुचलं नव्हतं. तो जळत होता.

नानांनी एकच विचारलं, "इंजिन कुठं हुतं?"

कोणीतरी बोटाने टप्पा दाखवला. नाना विहिरीच्या काठावर बसले. नंतर त्यांनी खांबावरचं पत्रक पाहिलं. ते वाचत असत, पण बोट लावून, अक्षर अक्षर. चौकटीपर्यंत यायला त्यांना वेळ लागला. शेवटच्या तीन शब्दांखाली बोट थांबलं. परत मागे गेलं, परत तिथेच आलं. मी शेजारी उभी होते. ते माझ्याकडे वळले नाहीत.

चौकशीला सरकारी साहेब आला. विहिरीच्या मालकाने आधी पत्रकच पुढे केलं. "आमी काय करनार साहेब? त्यांच्याच संघटनेनं लिहिलंय, उतरा म्हनून." साहेबाला ते सोयीचं होतं. इंजिन खाली का होतं, वीज का नव्हती, विमा का नव्हता, हे विचारायची गरज राहिली नाही. त्याने विचारलं, "हे कुणी सांगितलं?"

संघटनेतल्या मोठ्यांनी मला सकाळीच बजावलं होतं, गप्प राहायचं, नाहीतर सगळं काम मोडेल. मी गप्प होते. पण केवळ त्यांनी सांगितलं म्हणून गप्प होते, असं नाही. मला तोंड उघडता येत नव्हतं. ज्या तोंडाने मी तीन तालुक्यांत भाषणं केली, ते.

नाना उभे राहिले. साहेबाचा प्रश्न त्यांना ऐकू आला नसणार. तो साहेबाच्या हातातल्या कागदावरून कळला असणार. ते म्हणाले, "कंदील माझा हाय. मीच सांगितलं."

"हे असंच सांगितलं? जळाला तर उतरा?"

नानांनी मान हलवली.

ही मान कणीस नव्हती. हे मला तेव्हाच कळलं. साहेबाने लिहून घेतलं, त्यांचा अंगठा न घेता सही घेतली, कारण नानांनी सही येते असं सांगितलं. पुढे गुन्हा वगैरे काही झालं नाही. अपघात म्हणून प्रकरण मिटलं. कोणी नानांना मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त त्यांना कामावर बोलावणं थांबलं. मारुती मुकादमसुद्धा म्हणाला, "माझा इस्वास हाय ओ, पन मानसं त्यांच्या सांगन्यावरून उतरत न्हाईत आता." त्याने दुसरा पंपवाला घेतला. त्या पंपवाल्याने पट्टा कोपऱ्यात टाकला आणि इंजिन खाली सोडलं. सगळ्याच टोळ्यांनी सोडलं. खलाशाचा कंदील खोटा निघाला, मग खलाशाचं इंजिनाचं भूतही खोटंच असणार. लोकांचा हिशेब सरळ होता.

मी बदली मागून घेतली. देवळाली प्रवराकडे ऊसतोड मजुरांत काम होतं, तिकडे गेले. काम भरपूर होतं. मी ते केलं. पत्रकं लिहिली. लोक म्हणत, तुमची भाषा आता पूर्वीसारखी लागत नाही. मला काही वाटत नव्हतं. राग येत नव्हता, रडू येत नव्हतं. उसाच्या फडावर उभी राहून मी घोषणा देत असे आणि लोक त्याला उत्तर देत असत, आणि मधल्या वेळात मी बैलांच्या शेपट्यांकडे बघत असे.

दोन वर्षांनी मी नानांकडे गेले. ते खाटेवर होते. छातीत कोळसा होताच, तो आता बोलायला लागला होता. मी म्हटलं, "नाना, ते वाक्य माझं होतं." त्यांनी मान हलवली. मी कागद घेतला आणि तेच मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्यापुढे धरलं. बोट अक्षरांवरून फिरलं.

"ठावं हाय," ते म्हणाले. "कागद वाचला तवाच कळलं. माझ्या तोंडचं न्हवतं ते."

"मग तुम्ही का घेतलं अंगावर?"

हे त्यांनी ओठांवरून ओळखलं. "खाली मानसं आसली की पंपवाला जबाबदार आसतो. आसंच शिकलो मी. आन तू पोर. तुला उभं केलं आसतं तिथं तर तू परत बोलली नसतीस." ते खोकले. बराच वेळ खोकले. नानींनी पाणी दिलं. "पन माझं चुकलं, बाई. मला वाटलं, कंदिलाचं माझ्या आंगावर येईल, बास. इंजिनाचं बी त्याच्यासंगं गेलं हे ध्यानात न्हाई आलं. आता समदे इंजिन खाली सोडत्यात. एवढं एक कर. इहिरीवर जा आन तोंडानं सांग. नाना काय म्हनला हुता आन कागदावर काय आलं. कागद काढू नगंस. कागदाला आता कोन इचारतंय."

मी हो म्हणाले. लिहून नाही, मान हलवून.

मी गेले नाही. ऊसतोडीचा संप होता, मग मिटिंगा होत्या, मग पावसाळा लागला आणि विहिरींची कामं बंद झाली. कारणं सगळी खरी होती. नानांनी दोनदा निरोप पाठवला, गेलीस का? मी दोनदा उत्तर पाठवलं, जाते.

पुढचा उन्हाळा लागता लागता ते गेले. पन्नाशी जेमतेम उलटली असेल.

अंत्यविधीला बुद्धवंदना झाली, दोन-चार जण बोलले. मलाही बोलायला उभं केलं. मी खाणीवर बोलले, व्यवस्थेवर बोलले, 'वयोमानानुसार' ह्या शब्दावर बोलले. ते मला चांगलं जमतं. खाली बसले तेव्हा एक बाई शेजारी येऊन बसली. कौसल्या होती, शिवाजीची बायको. शेवगावकडून आली होती.

"लई बोलला तुमी," ती म्हणाली. "इंजिनाचं काय बोलला न्हाई."

मी तिच्याकडे बघितलं.

"नाना यायचे माझ्याकडं. दर दोन-चार म्हयन्यांनी. ओट्यावर बसायचे, पानी प्यायचे. पयल्यांदा आले तवा पाय धरले माझे. म्हनले, तुझ्या नवऱ्याला मी उतरवलं. मी म्हनलं, नाना, तुमी तर गावातबी न्हवता." ती पदराने लुगड्यावरची धूळ झटकत होती. "माझा दीर आता उतरतो. दत्तूच्या जागी. इंजिन खालीच आसतं. मी सांगते तर म्हनतो, खलाशाचं काय आयकायचं, त्यानंच भावाला मारलं."

मग मी तिला सांगितलं. वाक्य कोणाचं होतं, कसं लिहिलं, का लिहिलं, इंजिन कोणाच्या सांगण्यावरून गाळलं, वाचून दाखवताना इंजिन चालू होतं. काही ठेवलं नाही. मला वाटलं, ती उठून जाईल किंवा मारेल. तिने ऐकून घेतलं.

"म्हंजी नाना खोटं बोलले व्हय," ती म्हणाली. "मला."

"हो."

"आन तुमी गप बसला."

"हो."

तिने पदर खोचला. नंतर म्हणाली, "मला सांगून काय उपेग. उद्या चला कामावर. त्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर, तिचा दीर काम करत होता त्या विहिरीवर गेले. योगायोग असा की काम मारुती मुकादमाने घेतलं होतं, तिच्या दिराची टोळी त्याच्याच हाताखाली होती. इंजिनाला दोर बांधून झाले होते. क्रेनने ते जमिनीवरून उचललं होतं. मी काठावर उभी राहिले. भाषण केलं नाही. मला ते आलं नसतं. मी म्हटलं, "शिवाजी आणि दत्तू गेले ते माझ्या वाक्याने गेले. नाना तसं कधी म्हणाले नव्हते. नाना म्हणायचे, इंजिनाचा धूर कंदिलाला कळत नाही, म्हणून इंजिन वर ठेवा. ते मी लिहिलं नाही. नंतर त्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि मी ते सांगू दिलं."

इंजिन दोरावर लटकत होतं. कौसल्याचा दीर माझ्याकडे बघत होता. त्याच्या हातात पहार होती.

मारुती मुकादम म्हणाला, "हे सांगायला तीन वर्सं लागली का, ताई?"

मी म्हटलं, "लागली."

इंजिन लिहू नका असं तोच म्हणाला होता. ते त्याला आठवत होतं, त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं. मी ते बोलले नाही, तोही बोलला नाही. त्याने तंबाखू थुंकली आणि क्रेनवाल्याला हाताने खूण केली. "वर घे रं. पट्टा कुनाकडं हाय का बघा."

पट्टा कोणाकडेच नव्हता. एक जण सायकल घेऊन तिसगावला गेला. पट्टा येऊन बसेपर्यंत दुपार झाली, मालक येऊन दोनदा ओरडून गेला, अर्ध्या दिवसाची खोदाई बुडाली. कौसल्या दगडांच्या ढिगाशेजारी बसून होती. दीर उतरला तेव्हा ती उठून काठावर आली आणि तो वर येईपर्यंत तिथेच उभी राहिली.

निघताना मुकादम म्हणाला, "आजचं झालं. उद्या परत मालक वरडनार. आन ह्या भागात अश्या किती टोळ्या हायेत, ठावं हाय ना?"

ठाऊक आहे. म्हणून ऊसतोडीचं काम मी दुसऱ्याकडे सोपवलं आणि उन्हाळा लागला की आता विहिरींवर जाते. कागद नेत नाही. काठावर उभी राहून आधी माझी चूक सांगते, मग नानांचं म्हणणं सांगते, त्याच क्रमाने. पहिलं सांगितल्याशिवाय दुसरं कोणी ऐकत नाही. काही टोळ्या इंजिन वर घेतात. काही घेत नाहीत.